हनुकाचा दिवा मावशींनाच लावू द्या

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्यात राहतो. आमच्या समोरच्या दारात एक मावशी राहतात, वय ७८. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. काका ऑगस्टमध्ये गेले. दोन्ही मुलं इस्राएलला, अश्दोदला असतात. दर वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांच्याकडे हनुका, त्यांचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, असायचा. काका रोज एकेक दिवा वाढवत लावायचे, आम्हाला दारातून दिसायचं. परवा मावशी म्हणाल्या, "यंदा कोण लावणार? ते गेले, सण गेला." मला राहवेना. मी ठरवलंय, यंदा त्यांचा हनुका आपण करायचा. दारात रांगोळी, गॅलरीत आकाशकंदील, आमच्या देवघरातली मोठी समई, साजूक तुपातले बेसनलाडू, आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा रोज जाऊन दिवा लावेल. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या धर्मात हात घालू नये. मिस्टर म्हणतात, प्रेमानं केलेलं सगळं चालतं. कुणाचं ऐकू?
एक शेजारीण, ठाणे

उत्तर:

प्रिय शेजारीणबाई,

सासूबाई आणि मिस्टर या दोघांच्या म्हणण्याकडे मी नंतर येते. तुमच्या पत्रात मावशींचा एक प्रश्न आहे, "यंदा कोण लावणार?" आधी त्याचं उत्तर देते. मावशीच लावणार.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही, त्यांच्या धर्मशास्त्रातच आहे. यहुदी धर्मात ठरावीक वेळेला करायच्या बऱ्याच विधींमधून बायकांना सूट आहे. हनुकाच्या दिव्याला ती सूट नाही. तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) येहोशुआ बेन लेवी यांचं मत नोंदवलेलं आहे, की हनुकाचा दिवा लावणं हे बायकांचंही कर्तव्य आहे, कारण "त्याही त्या चमत्कारात होत्या". घरात नवरा असला की बहुतेक ठिकाणी तोच लावतो आणि बाकीचे भोवती उभे राहतात. म्हणून पन्नास वर्षं काकांच्या शेजारी उभं राहून मावशींना वाटत असेल की ते पुरुषाचं काम. तसं नाही. घरात एकटी बाई असेल, तर दिवाही तिचाच आणि त्यावरचे आशीर्वादही तिनंच म्हणायचे. त्यांना हे माहीत असेलही, पण दुःखात माहीत असलेलं आठवत नाही. तुम्ही हे तोंडावर सांगण्यापेक्षा अश्दोदच्या मुलांना फोन करून त्यांच्याकडून आईला म्हणवून घ्या, "आई, तू लाव, आम्ही फोनवर आहोत." किंवा ठाण्याच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमधल्या, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळातल्या, कुणा जाणत्या माणसाला सांगा. १८७९ पासून ते सिनेगॉग तुमच्या गावात आहे आणि मावशींना ओळखणारी माणसं तिथं नक्की असतील.

आता तुमचा मुलगा. त्याच्या मनात कौतुक आहे, पण दिवा त्यानं लावायचा नाही. तो लावेल तो नुसता दिवा होईल, हनुकाचा होणार नाही, कारण ज्याच्यावर ती आज्ञा आहे त्यानंच तो लावायचा असतो. त्याला दुसरं काम देऊ, पुढे सांगते.

तुमची बाकीची तयारी अशी का चालणार नाही, ते कळायला हा सण कशाचा आहे तेवढं आधी पाहू. इसवी सनापूर्वी १६७च्या सुमारास यहूदियावर, म्हणजे जेरुसलेमच्या आसपासच्या प्रदेशावर, अंतिओक चौथा या ग्रीक परंपरेतल्या राजाची सत्ता होती. त्यानं फर्मान काढलं की यहुदी लोकांनी आपला धर्म पाळायचा नाही. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळला, मुलाची सुंता केली, तर मरणाची शिक्षा. जेरुसलेमच्या मंदिरात त्यानं परक्या देवाची पूजा मांडली आणि वेदीवर डुकराचा बळी दिला. मोदिईन गावचा मत्तिथ्याहू हा पुरोहित आणि त्याचे पाच मुलगे उठले. त्यांतला यहूदा मक्कबी पुढारी झाला. इसवी सनापूर्वी १६४मध्ये त्यांनी मंदिर परत मिळवलं, धुऊन पुसून शुद्ध केलं आणि किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला ते पुन्हा देवाला अर्पण केलं. 'हनुका' या शब्दाचा अर्थच अर्पण. तेलाची गोष्ट तालमूदमध्ये येते. मंदिरातला दिवा लावायला शुद्ध तेल शोधलं, तर महायाजकाची मोहोर असलेली एकच कुपी सापडली. एका दिवसाचं तेल. ते आठ दिवस जळलं.

म्हणजे बाई, हा सण आपला धर्म आपल्या रीतीनं पाळता यावा यासाठीचा आहे. त्या सणाच्या दिव्यासाठी दुसऱ्या देवघरातली समई न्यायची, हे किती विसंगत आहे ते तुमच्या आता लक्षात आलं असेल. तुमची समई पवित्र आहे, ती तुमच्या देवापुढची आहे, आणि म्हणूनच ती त्यांना चालणार नाही. यात तुमचा अपमान नाही आणि त्यांचा कडवेपणाही नाही. शिवाय समईला पाच वाती एका वर्तुळात असतात. हनुकाचे दिवे एका ओळीत, एका उंचीवर, प्रत्येक ज्योत वेगळी दिसेल असे लागतात. आठ दिवे आणि जरा बाजूला किंवा उंचावर नववा. तो शमाश, म्हणजे सेवक. त्यानं बाकीचे दिवे लावायचे.

हा शमाश मला फार आवडतो. हनुकाच्या आठ दिव्यांचा उजेड कुठल्याही कामाला वापरायचा नसतो. त्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. त्यांच्याकडे फक्त बघायचं. चुकून उजेडाचा उपयोग झालाच तर तो शमाशचा झाला असं धरायचं, म्हणून तो वेगळा. दिवे निदान अर्धा तास जळायला हवेत, आणि तेवढा वेळ बायकांनी घरकाम करायचं नाही अशी जुनी चाल आहे. दिवसभर नोकरी, दुकान, शाळा सगळं चालू असतं, हनुकाला सुट्टी नसते. तो अर्धा तास मात्र घरातली बाई पदराला हात पुसून बसते. तुम्हाला काही करायचंच असेल तर तो अर्धा तास मावशींजवळ बसा. मोबाईल पर्समध्ये ठेवा. माझ्या मते याहून मोठी मदत तुमच्या यादीत एकही नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझं लहानपण अलिबागला गेलं, इस्राएल आळीला लागून. आमच्या शेजारी बेने इस्राएल शिक्षिका होत्या. आई दर गणपतीत त्यांच्याकडे मोदक पाठवायची आणि त्या हसून घ्यायच्या. दोन वर्षांनी मला कळलं की त्या ते आमच्याच आळीतल्या मुलांना वाटून टाकायच्या. देवाला दाखवलेला नैवेद्य त्या खात नसत आणि आईला दुखवायचंही त्यांना जमत नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं. आई गप्प झाली, आणि पुढच्या वर्षीपासून नारळ आणि केळीचा फणा नेऊ लागली. मग बाईंनी पहिल्यांदा आम्हाला आत बोलावून मलिदा खायला दिला. भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेला नारळ, वेलची, वर फळं. एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावानं करतात तो. चव अजून जिभेवर आहे.

तेव्हा साजूक तुपातले लाडू राहू द्या. त्यांच्या आहाराच्या नियमांत मांस आणि दूधदुभतं एकत्र येत नाही, एका जेवणात तर नाहीच. म्हणून कोकणातल्या बेने इस्राएल स्वयंपाकात नारळाच्या दुधाला एवढा मान. हनुकाला खायचं ते तेलातलं, तेलाच्या चमत्काराची आठवण म्हणून. पूर्व युरोपातले यहुदी किसलेल्या बटाट्याचे लाटके तळतात, इस्राएलमध्ये मुरंबा भरलेले सुफगानियोत, म्हणजे डोनट, घरोघरी आणि प्रत्येक बेकरीत दिसतात, मोरोक्कोवाले स्फेंज नावाची कडी तळतात. काही घरांत चीजचे पदार्थ असतात, ते यहुदीत नावाच्या शूर बाईच्या आठवणीनं. तुम्ही असं करा, बटाटे, कांदे, गूळ, कणीक आणि तेलाची न फोडलेली पिशवी घेऊन मावशींच्या स्वयंपाकघरात जा. त्यांच्याच कढईत, त्या सांगतील तसं, दोघी मिळून गुलगुले तळा, बटाट्याचे वडे तळा. त्यांची भांडी, त्यांचा झारा. त्यांनी नेमकं काय आणि कसं पाळलंय हे घराघरात वेगळं असतं, म्हणून अंदाज बांधू नका, सरळ विचारा. विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

रांगोळी आणि आकाशकंदील हे तुमच्या दाराशी खुशाल करा, ते तुमचे आहेत. त्यांच्या दाराशी नको. दिवा कुठं ठेवायचा हेही त्यांनाच ठरवू द्या. मूळ रीत अशी, की दिवा रस्त्यावरच्या लोकांना दिसावा, म्हणजे चमत्काराची वार्ता सगळीकडे जावी. दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेली डबी, असते, तर दिवा डावीकडे, नाहीतर खिडकीत. पण तालमूदनंच पुढे म्हटलंय, की धोक्याचा काळ असेल तर टेबलावर ठेवला तरी पुरे. या एका वाक्यात त्या समाजाचा केवढा इतिहास दडलाय. आपल्या मुंबईत २००८च्या नोव्हेंबरमध्ये नरिमन हाउस या यहुदी केंद्रावरच्या हल्ल्यात काय झालं ते मावशी विसरल्या नसतील. गेटवे ऑफ इंडियाजवळ हनुकाचा मोठा दिवा जाहीरपणे लावला जातो. तरीही एकट्या राहणाऱ्या बाईनं आपला दिवा आतल्या खोलीत ठेवला, तर "गॅलरीत ठेवा ना" असा आग्रह तुम्ही धरू नका.

आता एक गोष्ट, जी मावशींना विचाराल तर त्या तासभर बोलतील, आणि बोलायला लागणं हीच या घडीला त्यांची गरज आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज इसवी सनापूर्वी १७५च्या आसपास, त्याच अंतिओकच्या काळात, गालीलहून निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. कोकणातल्या गावागावांत ते पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. त्यांचे जुने सण मराठी नावांनी चालत आले, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. या यादीत हनुका नव्हता. समाजाचं म्हणणं असं, की आमचे लोक निघाले तेव्हा मंदिराचा आणि तेलाचा तो चमत्कार अजून घडलाच नव्हता. पुढे कोचीनकडच्या यहुदी धर्मशिक्षकांमुळे इतर यहुद्यांच्या रीती कोकणात पोचल्या, तेव्हा हा सण आला.

मला हे आठवलं की अंगावर काटा येतो. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या हाताला तेल लागलेलं होतं, शनिवार ज्यांनी एकदाही मोडला नाही, त्यांना तेलाच्या सणाची वार्ता पोचायला शेकडो वर्षं लागली. तिकडे शब्बाथसाठी माणसं मारली जात होती, इकडे नवगाव-अष्टमीकडे घाणा बंद दिसला की गाव समजून घ्यायचं, आज शनवार. त्या शेजाराचीच तुम्ही आजची शेजारीण आहात.

आता तारखा. यहुदी पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि १९ वर्षांत ७ अधिक महिने घालून ऋतूंशी जुळवलेलं असतं. म्हणून हनुका नेहमी आपल्या कार्तिक-मार्गशीर्षाच्या आसपासच्या वद्य पक्षात सुरू होतो, चंद्र लहान होत चाललेला असताना, आणि अमावास्या ओलांडून संपतो. २०२६मध्ये पहिला दिवा ४ डिसेंबरच्या संध्याकाळी आहे, आणि तो शुक्रवार आहे. याकडे नीट लक्ष द्या. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी शब्बाथ सुरू होतो, मग आग पेटवता येत नाही. म्हणून त्या दिवशी आधी हनुकाचा दिवा, मग शब्बाथच्या मेणबत्त्या, आणि सगळं उजेड असतानाच. ठाण्यात त्या सुमारास सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो. तुम्ही पाचलाच जा. तेल जास्त घालायचं, कारण दिवा अंधार पडल्यावरही अर्धा तास तेवायला हवा. मुलांचा व्हिडिओ कॉल त्याआधी आटपा. ठाण्यात साडेपाच वाजतात तेव्हा अश्दोदला दुपारचे दोन असतात, मुलांना ऑफिसात आधी सांगून ठेवावं लागेल. एकदा शब्बाथ लागला की मावशी फोनला हात लावणार नाहीत, आणि तुम्हीही फोटो काढू नका. शनिवारी उलट, आकाशात तीन तारे दिसेपर्यंत थांबायचं.

दिवे ठेवायची रीत उजवीकडून. पहिल्या दिवशी सगळ्यात उजवा, दुसऱ्या दिवशी त्याच्या डावीकडे एक वाढवायचा. लावताना मात्र सुरुवात नव्यापासून. आठ दिवसांचे मिळून ३६ दिवे, शमाश धरून ४४. यावर जुना वाद आहे. शम्माईचे शिष्य म्हणायचे, पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलचे शिष्य म्हणायचे, एकापासून सुरू करा आणि वाढवत न्या, पवित्र गोष्टीत वर चढायचं, खाली उतरायचं नाही. हिल्लेलवाल्यांचं मान्य झालं.

काकांची हनुकिया, म्हणजे हनुकाचे नऊ दिवे ठेवायची दिवली, घरात असेलच. आमच्या शिक्षिका बाईंकडे भिंतीवर टांगायची पितळी होती, मागे सहा कोनांचा तारा आणि कड्यांत काचेच्या छोट्या वाट्या. खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. ऑलिव्हचं तेल उत्तम मानतात, पण स्वच्छ जळणारं कुठलंही चालतं, मेणबत्त्याही चालतात. मावशींची हनुकिया माळ्यावर असेल तर उतरवून द्या, चिंचेनं घासून द्या. हात पोचत नाही म्हणूनही माणूस "राहू दे यंदा" म्हणतो. ती मोडली असेल तर बाजारातून नव्या कोऱ्या नऊ पणत्या आणा, आणि त्या चालतील का ते त्यांना विचारा. तुमच्या दिवाळीतल्या वापरलेल्या नकोत.

पहिल्या रात्री तीन आशीर्वाद म्हणतात, पुढे रोज दोन. पहिल्या रात्रीपुरता असलेला तिसरा म्हणजे शेहेहेयानू. त्यात देवाला म्हणायचं असतं, की तू आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत आणलंस. बाई, काका गेल्यावर चार महिन्यांनी ते शब्द म्हणताना मावशींचा आवाज फुटेल. कदाचित मधेच थांबतील. तेव्हा "रडू नका हो मावशी, आज सण आहे" असं काही म्हणू नका. पाणी आणायला उठू नका. त्या पुन्हा सुरू करतील तेव्हा करतील. मुलाला आधीच सांगून ठेवा, आजी रडली तरी घाबरायचं नाही.

आणि त्याचं काम. हनुकाला मुलं चार बाजूंचा भोवरा फिरवतात, ड्रेडल. चार बाजूंना नून, गिमेल, हे, शीन ही अक्षरं, 'तिथं मोठा चमत्कार झाला' या वाक्याची आद्याक्षरं. इस्राएलमध्ये शेवटचं अक्षर पे असतं, कारण त्यांच्यासाठी तो 'इथं' झाला. मध्ये शेंगदाण्यांचा ढीग ठेवायचा. नून पडलं तर काही नाही, गिमेलला सगळा ढीग, हे आलं तर अर्धा, शीन आलं तर आपल्यातले घालायचे. ड्रेडल नसेल तर चौकोनी लाकडी तुकड्यात काडी खोचून त्यालाच करू द्या, अक्षरं मावशी काढून देतील. दिवे जळत असताना ही दोघं जमिनीवर बसून खेळू देत. मुलांना या दिवसांत थोडे पैसे द्यायचीही रीत आहे. मावशींनी दिले तर घेऊ द्या, नाही म्हणायला लावू नका.

सासूबाईंना म्हणावं, हात घालायचा नाही हे तुमचं बरोबर. मिस्टरांना म्हणावं, प्रेमानं केलेलं सगळं चालतं असं नाही, विचारून केलेलं चालतं. आणि दोघांनाही एखाद्या संध्याकाळी बरोबर न्या, मावशींना आधी सांगून.

आठवी रात्र ११ डिसेंबरची, तोही शुक्रवारच. पुन्हा पाचला जा, आठही वाट्यांत तेल सढळ घाला. शब्बाथ संपेपर्यंत त्या वाट्यांना हात लावायचा नाही. मग रविवारी सकाळी आवरायला जा. वाट्यांत उरलेलं तेल आणि वाती इतर कामाला वापरायच्या नसतात, मावशी त्या जाळून टाकतील, तुम्ही फोडणीला घेऊ नका. वाट्या कोमट पाण्यानं धुऊन, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, माळ्यावर न टाकता त्यांच्या हाताला येतील अशा कपाटात ठेवा.

तुमची,
ताई